न मळलेली पिशवी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे फौजदार. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती. घरीही वेगळं नव्हतं. "मी शिंकलो तरी ही पुरावा मागते," असं नवरा आल्यागेल्याला सांगे. एकुलता मुलगा अठ्ठावीस वर्षांचा झाला, तरी त्याला साधा ताप आला की मावशी रक्त तपासून घ्यायला लावत. "आई, तुला नक्की कसला संशय येतो गं?" तो विचारी. मावशी विषय बदलत.

त्यांचं काम बिल्ल्यांचं. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात माणसं महिनोन्महिने राहतात. तिथे किरणोत्सर्गाचा मारा सतत. म्हणून प्रत्येकाने खिशात, कापडी पिशवीत, एक बिल्ला बाळगायचा. आतल्या स्फटिकात मारा साठत जातो. माणूस खाली आला की मावशी तो स्फटिक तापवत. जेवढा अंधुक उजेड निघे, तेवढं त्या माणसाने सोसलेलं. एकदा तापवला की स्फटिक सगळं विसरतो. पुन्हा विचारायची सोय नाही.

म्हणून मावशी आधी पिशवी बघत.

त्या सकाळी वैमानिकाचा बिल्ला आला. सहा महिने वर राहिलेला माणूस, पण पिशवीच्या कडा नव्यासारख्या, घामाचा डागही नाही. त्याच्या दोन सोबत्यांच्या पिशव्या मळून तेलकट झालेल्या. मावशींच्या मनात पाल चुकचुकली.

स्फटिक तापवला. आकडा कमी आला. त्यांनी यानाच्या भिंतींवर लावलेल्या बिल्ल्यांची यादी काढली. पाण्याच्या टाक्यांमागच्या बिल्ल्याचा आकडा जवळपास तेवढाच. पाणी मारा अडवतं.

आयुष्यभराच्या माऱ्याची ठरवून दिलेली मर्यादा गाठायला वैमानिकाला थोडंच उरलं होतं. खरा आकडा लागला, तर पुढचं उड्डाण गेलं.

दुपारी तो स्वतःच आला.

"मावशी, सही झाली का?"

"बसा. सहा महिने खिशात राहून ही पिशवी अशी?"

"टापटीप माणूस आहे मी."

"दिसतंय. कॉलरवर चहा सांडलाय."

तो हसला, पण हसू टिकलं नाही. "एकच उड्डाण उरलंय हो. शरीर माझं. यात कुणाचं काय जातं?"

मावशींनी पिशवी टेबलावर सरळ करून ठेवली. "मुलाच्या वेळी पाचव्या महिन्यापर्यंत मी इथे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर या कामावरून काढलं असतं. इथेही किरणांचं काम, म्हणून मलाही बिल्ला होता; तो खणात ठेवायची. तोही असाच स्वच्छ राहिला."

"मग? मुलाला काही झालं?"

"धडधाकट आहे. पण त्याच्या प्रत्येक तापाकडे मी चोरासारखी बघते. आकडा असता तर एकदाच घाबरले असते."

त्याने पिशवी आपल्याकडे ओढली.

"पहिल्याच आठवड्यात काढला," तो म्हणाला. "टाक्यांमागे अडकवला."

मावशींनी वही ओढली. भिंतींवरच्या बिल्ल्यांवरून हिशेब लावता येणार होता, माणूस कुठे किती वेळ होता ते कळलं तर.

"झोपायला कुठे?"

त्याने सांगितलं.

"आणि खिडकीपाशी? तिथे मारा जास्त."

"थोडाच वेळ."

मावशींनी चष्म्यावरून पाहिलं. पेन उचललेलंच राहिलं.

"रोज दोन तास," तो म्हणाला.