प्रसादाचा द्रोण आणि मॉर्फियाची सुई

सिद्धेश्वरावर माझा भरवसा लहानपणापासूनचा, पण त्या सकाळी सोलापूरच्या दवाखान्यात तो कुठं पळाला कोण जाणे. अंतर्गळाचं ऑपरेशन होतं. कापण्याला मी भीत नव्हतो. गिरणीच्या पट्ट्यात हात अडकला तेव्हा मी अख्खी गिरणी थांबवली होती. भीती होती गुंगीची. आधी मॉर्फियाची सुई, मग नाकावर क्लोरोफॉर्म. म्हणजे धडधाकट माणसानं आपला जीव परक्याच्या हाती देऊन मुकाट पडायचं, आणि जाग आली तर आली! व्हरांड्यात मी इतक्या येरझाऱ्या घातल्या, की तेवढ्यात होटगीला जाऊन परत आलो असतो.

पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. तेवढ्यात आत्या देवळातून शिऱ्याचा द्रोण घेऊन आली.

"खा रे. देवाचं हाय."

"नर्सबाई नको म्हणाल्या."

"त्या अन्नाला म्हणल्या की! परसाद काय अन्न हाय व्हय? देवाला न्हाय म्हणून सुईखाली जाणार तू?"

मला पटलं. प्रसाद टाकून गुंगीत जायचं म्हणजे राखणदाराला हाकलून झोपायचं. मी घास उचलला, तोच खांबाला टेकलेली एक धनगरीण म्हातारी बोलली. सुनेच्या बाळंतपणासाठी ती दुधनीकडून आली होती.

"लेकरा, मला दे की. कालधरनं पोटात काय न्हाय."

मागणाऱ्याला प्रसाद नाही म्हणता येत नाही. मी चिमूटभर द्यायला गेलो, तर तिनं घासासकट द्रोणच ओढला आणि चाटूनपुसून साफ केला.

"अगं भवाने, त्याला कणभर तरी ठेवायचा!" आत्या कडाडली.

"त्यो घरी जाऊन खाईल की. जातोय कुटं?"

सुई टोचली तरी माझी तगमग थांबेना. टेबलावर सात जणांनी मला दाबून धरलं. आत्या दोनच होते म्हणते. मग हातपाय हळूहळू दुसऱ्या कुणाचे तरी झाले. देवा, आता तुझं तू बघ, एवढंच मनात आलं, आणि जन्मात पहिल्यांदा मी गप्प बसलो.

गुंगीतच मला भडाभडा उलटी झाली म्हणे. नुसतं आंबट पाणी. पोटात घास असता तर तो श्वासाच्या नळीत जाऊन हा इथंच संपला असता, असं डॉक्टरांनी आत्याला सांगितलं. आत्यानं बाहेर धावत जाऊन म्हातारीचे पाय धरले. म्हातारीनं विचारलं, "आजून हाय का शिरा?"

ती कुणी देवी होती असं मी म्हणत नाही. तिला भूक लागली होती. पण माझ्या हातात काय राहू द्यायचं नाही, हे त्या घटकेला मला कळत नव्हतं, आत्याला कळत नव्हतं. कुणाला तरी कळत होतं. आताशा कुणी माझ्या हातचं काही ओढून नेलं, तर मी आधी यथेच्छ भांडतो, आणि मग हात जोडतो.