सोनेरी सीडी आणि थांबलेली मिल

वाफवलेल्या धानाचा वास आला की वडशाची ती दुपार आठवते. नागपूरहून मी बासरीवादनाची, सोन्याचा मुलामा दिलेली सीडी आणली होती. साध्या सीडीपेक्षा कितीतरी महाग, पण आवाज जास्त स्पष्ट येतो म्हणे. तेच वादन साध्या सीडीवर घरात आधीपासून होते. "फरक आयकू आला तं ठेवा, नाई तं परत करा," असे पत्नीने बजावले होते, आणि दुकानदारानेही सोमवारपर्यंत मुभा दिली होती. अडचण शेजारच्या राइस मिलची होती. ती रात्रंदिवस धडधडत असे आणि वीज गेल्यावरच थांबत असे. आमच्याकडे इन्व्हर्टर होता. त्यामुळे सारे गाव भारनियमनाच्या नावाने बोटे मोडत असताना आम्ही दोघे मात्र वीज जाण्याची आतुरतेने वाट पाहत होतो. रविवारी दुपारी मिल एकाएकी गप्प झाली. "लाइन गेली! लावा लवकर!" पत्नी कणकेच्या हातांनीच धावत आली. मी पंखाही बंद केला. सोनेरी सीडी फिरू लागली आणि पहिल्या सुराआधी वादकाने घेतलेला श्वास ऐकू आला. माझ्या अंगावर काटा उभा राहिला. "आयकलं? हाच तो फरक!" मी जवळजवळ ओरडलोच. "आता साधी लावून पाहा," ती म्हणाली. लावली. तोच श्वास, तितकाच स्पष्ट. पत्नीला हसू आवरेना. "अवो, तो तं इथीच होता. मिल आयकू देत नव्हती!" सोमवारी सोनेरी सीडी परत गेली. साधीला मी उगाच उणी लेखत होतो, याची अजूनही थोडी खंत वाटते. म्हणूनच की काय, आजही वीज गेली की शेजारी कुरकुरतात आणि आम्ही तीच साधी सीडी लावतो.