लाल डिस्क, निळी डिस्क

आमच्या गावात दोन बँड आहेत आणि त्यांतला एकच ऐकण्यासारखा आहे. मी लाल बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, तेव्हा कोणता ते वेगळं सांगायला नको.

माझा शेजारी विस्टिनकाका मात्र ना लाल ना निळा. त्याचे वडील लाल, आई निळी. गावच्या संताच्या सणाचा आठवडा आला की आई बोचकं बांधून माहेरी जायची. मिरवणुका आटोपल्या की परत यायची, आणि संसार जिथल्या तिथे सुरू. काका गोदीत वायरमन होता. तरुणपणापासून टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून तो दोन्ही बँडच्या मागे फिरला. अख्ख्या माल्टात असं करणारा माणूस दोन्हीकडून शिव्या खातो. यानेही पोटभर खाल्ल्या.

पुढे त्याने सगळ्या टेपा कंप्युटरवर चढवल्या. मेलबर्नला गेलेले गाववाले आपापले जुने व्हिडिओ पाठवू लागले. स्वयंपाकघरातल्या खणात चमच्यांपेक्षा हार्ड डिस्का जास्त झाल्या. एके दिवशी त्यांतल्या एकीने मान टाकली, तीन सणांची रेकॉर्डिंग घेऊन गेली. काका दोन दिवस जेवला नाही.

मग त्याने मनावर घेतलं. घरच्या वाय-फायला जोडायची, सगळं एका जागी ठेवणारी पेटी घ्यायची. चार डिस्कांची पेटी पेन्शनला झेपत नव्हती. इंटरनेटवर जागा भाड्याने घ्यावी, तर ते भाडं जन्माचं मागे लागणार. भाचा जुना कंप्युटर फुकट देत होता, पण तो दिवसरात्र घरघरत वीज खात बसला असता. सगळा हिवाळा काकाने यात घालवला, माझं डोकं खाल्लं, आणि शेवटी दोन डिस्कांची साधी पेटी ठरवली. रिकामी पेटी परवडली. डिस्का परवडेनात.

"दोन्ही बँडच्या क्लबांकडे माग ना," मी म्हटलं. "प्रत्येकी एक."

लालांचा अध्यक्ष चेन्सू. फरशांचा व्यापारी, आणि पैशाला भारी चिकट. तो म्हणाला, "देतो. पण आमच्या डिस्कवर निळ्यांची एक फुंकरसुद्धा नको."

निळ्यांची अध्यक्ष पावला, समोरच्या औषधाच्या दुकानातली. ती म्हणाली, "लालांचं केकाटणं माझ्या डिस्कवर दिसलं तर डिस्क समुद्रात फेकीन. मागोमाग तुला."

"अगं, दोन्ही डिस्कवर सगळं सारखंच ठेवायचं असतं," काका काकुळतीला आला. "एक गेली तर दुसरी सांभाळते."

"माझी कशाला जाईल?" पावला म्हणाली. चेन्सूही शब्दाला शब्द हेच बोलला. काकाने दोघांना "बरं" म्हटलं. एका डिस्कवर लाल चिकटपट्टी लावली, दुसरीवर निळी. चेन्सूची डिस्क त्याच्या चुलतभावाच्या दुकानातल्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्याची, वापरून जुनी झालेली होती. तिच्यावर नवी तेवढी चिकटपट्टी.

यंदा आमचा म्हातारा बँडमास्टर नेनू वारला. सणाला त्याच्या दारासमोर त्याचीच धून वाजवायची असं ठरलं. पण तिचे सूर लिहिलेले कागद क्लबच्या तळघरात पाणी शिरून लगदा झालेले, आणि काकाची मूळ टेप कधीच गुंतून तुटलेली. उरलं ते पेटीतलं एकुलतं एक रेकॉर्डिंग. ऐकून सूर लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं.

वही आणि मटार भरलेल्या गरम, खुसखुशीत पास्तिझ्झी घेऊन मी काकाकडे गेले, तर पेटी पिकपिक ओरडत होती. लाल पट्टीच्या डिस्कखालचा हिरवा दिवा तांबडा झालेला. काका म्हणाला, "गेली."

मी चेन्सूला फोन केला. तो धापा टाकत आला. "दुरुस्त कर की!"

"मेलीय ती, चेन्सू."

मला रडू आलं. नेनूने मला क्लॅरिनेट धरायला शिकवलं होतं, आणि आता त्याच्या दारात आम्ही काय वाजवणार होतो?

काकाचे कान लाल झाले. पुटपुटला, "धून आहे." आणि निळ्या पट्टीकडे बोट दाखवलं.

"तू शब्द दिला होतास!" चेन्सू असा ओरडला, की पावला दुकान तसंच टाकून आली. प्रकार कळल्यावर तीही पेटली. "माझ्या डिस्कवर? यांचं?"

आणि विस्टिनकाका, ज्याला मी उभ्या जन्मात चिडलेला पाहिला नव्हता, तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "हो! शब्द दिला आणि मोडला. दोघांचंही दोन्हीकडे ठेवलं. तुमच्या शिव्या खात जमवलंय हे, ते तुमच्या हट्टापायी मरू देऊ? न्या आपापल्या डिस्का! चेन्सू, तुझं मढं आधी उचल!"

काकाने धून लावली.

नेनूचा बँड वाजू लागला. मी भराभरा लिहीत होते. आणि ऐन मध्यात फटाके! धडाधड बार, एकही सूर कळेना. बार थांबले तोवर धून पुढे निघून गेली होती. पुन्हा लावली, पुन्हा तेच. माझी पेन्सिल अडली.

तेवढ्यात कुणीतरी गुणगुणायला लागलं. हरवलेला तुकडा, अगदी ठेक्यात, शेवटच्या वळणासकट. पावला होती.

आम्ही तिघे तिच्याकडे बघत राहिलो.

"बघतेस काय, लिही!" ती माझ्यावर खेकसली. "दर वर्षी माझ्या खिडकीखाली येऊन वाजवायचात. डोक्यातून जाणार कशी?" तिने तो तुकडा मला तीनदा गाऊन दाखवला, एका सुरावर माझं चुकलं तेव्हा टपलीही मारली. मग चेन्सूकडे वळली. "आणि तू. नवी डिस्क आण. दुकानातून, कोरी. आता आमचंही तिच्यावर राहणार आहे."

चेन्सूने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पेटीकडे. मग खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "विस्टिन, कोणती घेऊ?"

काकाने चष्मा पुसला आणि पहिल्यापासून समजावून सांगायला सुरुवात केली.