दत्तारामचा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तिच्यापासून मला एक सिगारेट लपवता येत नाही, पण हे लपलं. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणूनच कदाचित तुमच्यापुढे तोंड उघडतंय.

सुरुवात मुलीच्या शाळेपासून करतो. सोपं जातं. आम्ही कुवेतमध्ये फिंतासला राहतो; नांगरून पडलेल्या तेलाच्या जहाजांना सामान पोचवणाऱ्या एका बोटीवर मी कॅप्टन आहे. सईला शाळेत इतिहासाचं प्रोजेक्ट मिळालं — अमेरिकेच्या अगदी सुरुवातीच्या आरमारातला एक अधिकारी. मग रोज जेवताना तोच. पोरवयात व्यापारी जहाजावर गेला, देश नवा, आरमार चिमूटभर, त्यात लढत लढत कप्तान झाला. आणि मग एका परक्या किनाऱ्याशी त्याने जहाज वाळूत घातलं. चौकशी बसली. वाऱ्यावर ढकलता आलं असतं, नकाशावर, सुकाण्यावर — पण हुकूम माझा होता, एवढंच तो म्हणाला. काही काळ घरी बसला, पुन्हा जहाज मिळालं, म्हातारपणी गोदीत नव्या पोरांना शिकवत राहिला. सई रंगून सांगायची आणि मी ताटातला भात चिवडत बसायचो. तिला वाटायचं, बाबा कंटाळले.

कंटाळलो नव्हतो. मला दत्ताराम आठवत होता.

दत्ताराम आमच्या बोटीवरचा सुकाणी. मालवणकडचा. बोटीवर एक रीत असते, ती सांगतो. कॅप्टनने हुकूम दिला की सुकाणी तो मोठ्याने परत म्हणतो आणि मगच चाक फिरवतो. ‘पोर्ट’ म्हटलं तर ‘पोर्ट, सर’, म्हणजे डावीकडे. ‘स्टारबोर्ड’ म्हटलं तर उजवीकडे. म्हणजे हुकूम चुकला तर कॅप्टनला तो स्वतःच्या कानांनी ऐकू येतो. सुधारायला एक क्षण मिळतो. मला तो मिळाला होता.

सई तेव्हा पहिलीत होती. धक्क्याला लागताना मी ब्रिजवर, म्हणजे चाकाच्या खोलीत, उभा होतो, पण डोळे मोबाइलमध्ये — तिच्या गॅदरिंगचे फोटो आले होते. डावीकडे घ्यायचं होतं. मी ‘स्टारबोर्ड’ म्हणालो. दत्ताराम म्हणाला, ‘स्टारबोर्ड, सर.’ स्पष्ट म्हणाला. मी ऐकलं — आणि फोटो बघत राहिलो. बोटीचं नाक धक्क्यावर आदळलं. माणसं वाचली, पत्रा फाटला.

ब्रिजवर आम्ही दोघंच होतो. कुवेत सिटीतल्या ऑफिसात विचारणा झाली तेव्हा मी सांगितलं, मी ‘पोर्ट’ म्हणालो होतो, ह्याने उलटं फिरवलं. बोलताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. कापायला नको होता का? मग त्याला विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा मेव्हणा आणि वाडीतली दोन पोरं माझ्याच शब्दावर कंपनीत लागली होती — हे त्याला ठाऊक होतं, आणि मलाही. तो म्हणाला, “हाँ साब, मेरा हाथ गलत गया.”

त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द झाला. मी त्याच्या खोलीवर गेलो, तेव्हा तो बॅग बांधत होता. काय बोलायला गेलो होतो, कुणास ठाऊक. तोच म्हणाला, “असांदे साहेब. तुमचा चेडू हंय शाळेत जाता. माझी पोरां काय, गावच्या शाळेत शिकतली.” मी मान डोलावली. काय माणूस मी! मान डोलावली आणि गाडी काढून घरी आलो. कंपनीने त्याच्या कागदांवर मारलेल्या शेऱ्यानंतर त्याला कुठल्याच बोटीवर कुणी घेतलं नाही. आता दुसऱ्याच्या ट्रॉलरवर जाळी ओढतो, असं मेव्हणा सांगतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुरे होतं. पण गेल्या महिन्यात सईला प्रोजेक्टच्या शेवटी ओळखीच्या दर्यावर्दी माणसाचा एक खरा प्रसंग हवा होता. नाही सांगत, म्हणता आलं असतं. खरं सांगता आलं असतं. मी तिला दत्तारामचा प्रसंग सांगितला — ऑफिसात सांगितला होता तसाच. नावही दिलं. का दिलं? नावासकट सांगितलं की खोटं खरं वाटतं, म्हणून.

प्रोजेक्ट सादर करायच्या दिवशी शाळेत पालकांना बोलावलं होतं. मी मागच्या रांगेत बसलो होतो. सई इंग्रजीत छान बोलली. भीती नाही, अडखळणं नाही. शेवटी म्हणाली, त्या अधिकाऱ्याने चूक कबूल केली, पण माझ्या बाबांवर ती वेळच आली नाही, कारण चूक त्यांच्या दत्ताराम नावाच्या सुकाण्याची होती, त्याला डावं-उजवं कळत नव्हतं. मुलं हसली. मग टाळ्या झाल्या.

मीही वाजवल्या.