सहाशे अकरा नंबरचं स्थळ

माझं शिक्षण स्टॅटिस्टिक्सचं. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये कुणी म्हणालं की अमक्याला स्वप्नात दिसलं आणि तसंच घडलं, तर मी सरळ विचारायचे, "आणि दिसून घडलं नाही असं किती वेळा झालं?" लोक माझ्यासमोर असले विषय काढायचे बंद झाले. इथे लोक लिहितात ते अनुभवही मी हसायलाच वाचते, खोटं कशाला बोलू... पण एक गोष्ट माझ्याकडे इतकी वर्षं पडून आहे, आणि तिच्यावर मला हसता येत नाही.

१९९९ साल. ठाण्याला कोपरीत, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर एक वधू-वर सूचक केंद्र होतं. देवधरकाकू ते चालवायच्या. साठी उलटलेली, नऊवारी नाही पण आवाज नऊवारीचा. मी तिथे कॉम्प्युटर बघायचे. काकूंना परदेशातली स्थळं हवी होती, म्हणून मी वेबसाइट केलेली. एक छोटा प्रोग्रॅमही लिहिलेला — फॉर्म भरा, बटण दाबा, पुढचा नंबर आपोआप पडतो आणि त्या मुलाचं किंवा मुलीचं पान साइटवर चढतं. आठवड्याभरात काकू स्वतः पानं चढवायला लागल्या. तेव्हा मला कोण कौतुक वाटलेलं. पुढे तेच नडलं.

रोज सकाळी दहाला मी मोडेम लावून सर्व्हरचा लॉग उतरवायचे. कुठलं पान किती वाजता कुणी उघडलं, त्याची ओळ न् ओळ नोंद. प्रत्येक पानाखाली "स्थळ पसंत आहे" असा फॉर्म होता. काकूंना त्याच्याशीच मतलब. "बघे किती आले ते नको सांगूस गं मीनल, पसंत्या किती आल्या ते सांग." आणि आलेल्या पसंतीला आठ दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे, होकार असो वा नकार, हा त्यांचा नियम.

मी आणखी एक यादी काढायचे — 'सापडलं नाही'ची. लोकांनी मागितलेली पण साइटवर नसलेली पानं. लोकांना काय हवंय ते त्यात कळतं. त्या यादीवरूनच आम्ही पुनर्विवाहाचा वेगळा विभाग काढला आणि तो धो धो चालला.

आता फोल्डर सांगते, कारण सगळं तिथेच आहे. लग्न जमलं की ते पान मी 'जमले' नावाच्या फोल्डरमध्ये हलवायचे. दुसरा फोल्डर होता 'तुळस'. काकूंची जुनी पद्धत अशी, की नोंदणी केलेलं कुणी वारलं तर त्याची फाइल फाडायची नाही. आत तुळशीचं पान ठेवायचं आणि वर्षभर कपाटात वेगळी ठेवायची. आमच्याकडचा एक मुलगा खडवलीला नदीत बुडून गेला, तेव्हा त्याचं पान पुसायला माझाही हात होईना. म्हणून मी तो फोल्डर केला. साइटवर त्याची लिंक कुठेच नव्हती. त्याचं नाव फक्त मला माहीत होतं, काकूंनासुद्धा नाही.

एका सकाळी 'सापडलं नाही'च्या यादीत ओळ आली — तुळस, ४१२. म्हणजे 'तुळस' फोल्डरात कुणीतरी ४१२ चं पान शोधलेलं. वेळ सकाळी अकरा वीस, आदल्या दिवशीची. ज्या कॉम्प्युटरवरून मागितलं त्याचा पत्ता असतो तिथे नुसती आडवी रेघ. ४१२ ही मुलुंडची एक मुलगी, धडधाकट, तिचं पान नेहमीच्या जागी होतं. दुसऱ्या दिवशी तीच ओळ. तिसऱ्या दिवशी तीच. मी म्हटलं, माझ्याच प्रोग्रॅमची काहीतरी भानगड. चौथ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला... नाव कमी करा म्हणाले. तापाचं निमित्त होऊन ती गेलेली.

योगायोग. मी तेव्हा हेच म्हणाले.

दोन महिन्यांनी तुळस, ५३०. विठ्ठलवाडीचा मुलगा, अंबरनाथला कारखान्यात ड्राफ्ट्समन. दोन दिवस ओळ आली. तिसऱ्या दिवशी मी न राहवून त्याच्या कारखान्यात फोन लावला. तोच आला फोनवर. विचारायचं काय? "तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं मी, वेड्यासारखं. तो हसला. "का हो मॅडम, मुलीकडच्यांनी चौकशी केली का?" दुसऱ्या दिवशी जिन्यावरून पडून गेला.

मी काकूंना सांगितलं नाही. सांगणार काय, आणि कुठल्या तोंडाने? साइट ज्यांच्या सर्व्हरवर होती त्या होस्टिंगवाल्यांना ई-मेल केला. त्यांचं उत्तर आलं की पत्त्याशिवाय सर्व्हरला कुणी काही मागूच शकत नाही. हे मलाही माहीत होतं.

मग तुळस, ६११ आलं. आमचे नंबर तेव्हा ६१० पर्यंतच पोचलेले.

म्हणजे पुढचं जे कुणी जिना चढून येईल, त्याचा हा नंबर. आणि नेमका पितृपक्ष लागलेला. त्या पंधरवड्यात लग्नाच्या नोंदणीला कोण येतंय? ऑफिस ओस. खाली गिरणी चालू झाली की जमीन थरथरायची, आणि मला वाटायचं कुणीतरी जिना चढतंय. रोज लॉगमध्ये अकरा वीसला ६११. पंधराच्या पंधरा दिवस. मला जेवण जाईना. आईने विचारलं तर म्हटलं, ॲसिडिटी आहे.

शेवटी सर्वपित्री अमावस्येला मी प्रोग्रॅममध्ये बदल केला — ६१० नंतर थेट ६१२. कुणालाच तो नंबर मिळायला नको. घटस्थापनेला तिघं-चौघं नोंदवून गेले, ६१२ पासून पुढे. रात्री मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी लॉग बघायच्या आधी सहज साइट उघडली. ६११ च्या जागी पान होतं, आणि पानावर माझा फोटो होता. संक्रांतीला ऑफिसात तिळगूळ वाटताना काढलेला, त्यातून माझाच चेहरा कापून लावलेला.

"काकू, हे काय?"

"अगं, काल रजिस्टर लिहिताना बघितलं तर ६११ ची ओळ रिकामी," काकू खुशीत होत्या. "रिकामी ओळ ठेवायची नाही आपल्याकडे, कुणाचं तरी राहून जातं. म्हटलं, वर्षभर टाळते आहेस, सत्तावीस पूर्ण झाली, आज दिवस चांगला आहे. तुझ्याच प्रोग्रॅममध्ये चढवलं मी. नंबर हाताने घातला, जमलं की नाही?"

मी खुर्चीत बसले. ती ओळ रजिस्टरात शाईने लिहिलेली, माझं नाव, जन्मवेळ, गोत्र, सगळं.

त्या सकाळी ओळ आली. मी पान पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओळ. तिसऱ्या दिवशी मी काकूंसमोर रडत सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच उठून कपाट उघडलं. मुलुंडच्या आणि विठ्ठलवाडीच्या, दोन्ही फाइलींत तुळशीचं पान होतं. "यांच्यात पान ठेवल्याचं मी कुणाला बोलले नव्हते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "फोल्डरचं नावही मी तुम्हाला सांगितलेलं नाही." काकू माझा हात धरून म्हणाल्या, "माझ्या हातून झालं बाळा. मी तुझं चांगलं करायला गेले."

अकरा वाजून गेलेले.

"त्यांना पान दाखव," काकू एकदम म्हणाल्या.

"काय?"

"आलेल्या माणसाला तू रोज दारातून परत पाठवते आहेस. चाळीस वर्षं हेच करते आहे मी. स्थळ दाखवलंच नाही तर माणूस हट्टाला पेटतो. दाखवलं की दहांतले आठ नकार देतात. बघू देत. पत्रिका जुळत नाही म्हणतील, जातील."

माझ्याकडे यापेक्षा बरं काही नव्हतं. मी पान पुन्हा केलं आणि माझ्या हाताने 'तुळस'मध्ये टाकलं. मोडेम करकरला. अकरा सतरा झालेले. काकू माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या, त्यांचा हात माझ्या मांडीवर. खालची गिरणी कुणीतरी बंद केली असावी, कारण मला माझा श्वास ऐकू येत होता.

अकरा वीस. लॉग उतरवला. आडवी रेघ. तुळस, ६११. सापडलं.

मग दहा-बारा मिनिटं काहीच नाही. काकू पुटपुटत होत्या, "नकार येऊ दे, नकार येऊ दे." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी नकाराची प्रार्थना केली असेल.

पसंतीच्या फॉर्मचा मेल आला. नाव रिकामं, पत्ता रिकामा. माझा फॉर्म नाव रिकामं ठेवलं तर पुढे जातच नाही, ती अट मीच घातलेली. खालच्या चौकोनात इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं —

"मुलगी पसंत आहे. आम्हाला घाई नाही."

त्यानंतर तो फोल्डर कुणी कधी मागितला नाही. चौथा दिवस आला आणि गेला. मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही, मग पडले. पुढे माझं लग्न झालं, केंद्रातूनच जमलं. खरं तर पान 'जमले'त हलवायला हवं होतं. मी हात लावला नाही. आता मुलगी कॉलेजात आहे. त्या दिवसापासून मला साधा तापसुद्धा आलेला नाही. काकू गेल्या, गिरणीची इमारत पाडली, साइटही कधीच बंद झाली. तो मेल मी छापून ठेवलाय आणि अधूनमधून काढून बघते. कुणी चेष्टा केली असेल का, याचे सगळे हिशोब मांडून झाले. एकही लागत नाही.

फक्त एकच नियम आम्ही मोडला. काकू अखेरपर्यंत त्याबद्दल बोलायच्या नाहीत, आणि मीही बोलत नाही. त्या पसंतीला आम्ही अजून उत्तर पाठवलेलं नाही.