तांडेल बघून घेतलेली पीएचडी

सुक्या बोंबलांचा डबा बघून कंडक्टर म्हणाला, "मावशी, गाडीला वास मारेल." मी म्हटलं, "नवापूरची गाडी हाय, गुलाबाचा वास कुठनं येणार?" डबा टपावर चढला. मी आणि माझी पोर वासंती बोईसर स्टेशनाकडे निघालो. तिथून पुढे बंगलोर.

वासंती इंजिनियर झाली होती. बोईसरच्या कारखान्यात नोकरी ठरत आलेली, आणि बाईसाहेबांना फिजिक्सची पीएचडी करायची होती.

"मग इंजिनियरिंग नासलं काय?"

"नाय गो आये. यंत्र चालवायला शिकले. आता ते का चालतं ते बघायचं हाय."

"चालतंय ना? मग कशाला छेडतेस?"

ती ऐकेना. दोन जागा मिळाल्या, कलकत्ता आणि बंगलोर. नावाजलेले सर कलकत्त्याला, आणि मासेही तिथंच. मी चौथी शिकलेली. तरी विचारलं, "तांडेल कसा हाय?" आपल्याकडे बोटीचा रंग बघून कोणी खलाशी चढत नाही. बोट हाकणाऱ्या तांडेलाकडे मागच्या हंगामाचे खलाशी शेवटपर्यंत टिकले का, ते विचारतात.

वासंतीने दोन्हीकडच्या सरांच्या हाताखालच्या मुलांना पत्रं टाकली. कलकत्त्याच्या सरांची चारांतली तीन अर्ध्यावर पळालेली. बंगलोरच्या एकाने लिहिलं, सर ओरडतात, पण सोडत नाहीत.

"हाच तांडेल," मी बोलून गेले. मग कळलं, बंगलोरला समुद्र नाही, आणि पोर मला एकटीला ठेवणार नाही. खोली दोघींची घ्यायची ठरली.

माझ्या शब्दावर तिने बंगलोर धरलं आणि ठरत आलेली नोकरी सोडली. अर्ध्यावर परत आली असती तर गावाने म्हटलं असतं, आईनेच पोरीला बुडवली. चौथ्या वर्षी तिचा प्रयोग फसला आणि ती खरंच पेटी भरायला लागली. सर स्वतः खोलीवर आले. अर्धा तास इंग्रजीत ओरडले. मला अक्षर कळलं नाही, पण हाकलणारं ओरडणं आणि धरून ठेवणारं ओरडणं मी ओळखते. मी खूश होऊन बोंबलाची चटणी पुढे केली. ते शाकाहारी निघाले. पाणी पिऊन गेले. वासंतीने पेटी रिकामी केली.

दोन वर्षांनी ती डॉक्टर झाली आणि तिथंच शिकवायला लागली. नवापूरच्या बायांनो, तुम्ही विचारता, घरी कधी येणार? गेल्या खेपेला आले तर तुम्ही मला खुर्ची दिलीत, बशीत बिस्किटं लावून चहा दिलात. इकडे बंगलोरला वासंती ओरडते, "आये, बसलीस काय? कुकर लाव." मी शिव्या देत उठते. घर म्हणाल तर तेच.