आरशातला डावा पाय

अन्याय झाला तो नीलेशवर, माझ्या मोठ्या भावावर. गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेअकरा वाजता, रायपूरमध्ये. टेबलामागे बसलेल्या तीन माणसांनी केला. आणि त्यांच्या हातात कागद दिला तो मी.

आधी हे सांगते – मी असलं काही मानत नाही. इथल्या गावांत बाईला टोनही, म्हणजे चेटकीण, ठरवून मारतात. त्याविरुद्ध कॉलेजपासून पत्रकं वाटते आहे. शिव्या खाल्ल्यात, एकदा दगडही. आमच्या प्रत्येक पत्रकावर एक ओळ असते : जे पाहिलं ते लेखी द्या, मगच तपासता येईल. तेव्हा मी भुताखेताची गोष्ट सांगायला आले असं समजू नका. मी तक्रार सांगायला आले आहे.

दादा जवान. बस्तरमध्ये सुरुंग फुटला, डावा पाय गुडघ्याखालून गेला. जखम भरली. दुखणं नाही गेलं. आणि दुखायचं कुठे, तर नसलेल्या पायात! त्याला वाटायचं पायात बूट अजून आहे, नाडी करकचून बांधलेली, आत बोटं आवळलेली. तात्यापारा वस्तीतल्या आमच्या घरात भर दुपारी ओरडायचा, "बूट काढ वं माझा... कोणी तरी काढा!" आई उशीत तोंड खुपसून बसायची.

मग तेलीबांध्याकडच्या एका केंद्रात जवानांच्या तुटलेल्या हातापायांवर अभ्यास सुरू झाला. दादाला त्यात घेतलं. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा ठेवायचा. चांगल्या उजव्या पायाचं प्रतिबिंब बरोबर डाव्याच्या जागी दिसतं. उजवा हलवला की वाटतं, डावा हलतोय. मेंदू फसतो आणि दुखणं उतरतं. यात चमत्कार काही नाही, शुद्ध विज्ञान आहे. रोज वीस मिनिटं, मग फॉर्मवर दुखण्याला दहापैकी आकडा. पहिल्या दिवशी दादाने नऊ सांगितला. पाचव्या आठवड्यात तीन. दादा जेवायला लागला. मला चिडवायला लागला – "काय लीडरबाई, आज कोणाच्या नावानं मुर्दाबाद?"

तो दिवस गुरुवार होता. पहिल्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली, खिडकी उघडी, लख्ख ऊन. खोलीत आम्ही तिघं – दादा, मी, आणि फिजिओथेरपिस्ट साहू दीदी. दादा पायाची बोटं उघडमीट करत होता. मध्येच थांबला. म्हणाला, "आला वं. माझा पाय आला."

मी आरशात पाहिलं.

मी सात वर्षांची असताना दादाच्या डाव्या पायावर गरम इस्त्री पाडली होती. अंगठ्याच्या वर तिकोनी डाग राहिला होता, इस्त्रीच्या टोकासारखा. तो पाय तर बस्तरमध्येच राहिला. उजव्या पायावर डाग कधीच नव्हता... आरशात डाग होता.

मी वाकून उजवा पाय पाहिला – स्वच्छ. ओढणीने आरसा पुसला. डाग तिथेच. जागा बदलली, खिडकी लोटली, पुन्हा उघडली. डाग तिथेच! साहू दीदींच्या हातातला पेन थांबला होता. त्या मलाच दीदी म्हणायच्या. "दीदी, ये निशान... ये तो इस पैर में नहीं है ना?"

दादा रडत होता. पण हसूनही राहिला होता. आकडा विचारला तर म्हणाला, "शून्य. बूट निघाला."

मग माझी चूक. फॉर्मच्या शेवटी 'इतर निरीक्षण' असा रकाना होता. दीदी तो कोराच सोडत होत्या.

मी म्हटलं, "लिहा."

"छोड़ो ना दीदी, ऊपर वाले पूछेंगे."

"विचारू द्या. लिहा."

दादा म्हणाला, "राहू दे वं. मले आराम भेटला ना? बस झालं. तुले काहून पाहिजे कागद?"

"लेखी पाहिजे दादा. उद्या कोणी खोटं म्हणेल."

मीच लिहिलं. खाली सही केली. दादालाही करायला लावली.

पुढच्या मंगळवारी केंद्राच्या त्या तिघा साहेबांनी बोलावलं. साहू दीदी खाली बघत म्हणाल्या, "हमको कुछ नहीं दिखा सर." कंत्राटी नोकरी, घरात दोन लेकरं. मी त्यांना दोष देत नाही. दादाला विचारलं, आरशात काय दिसलं? एक खोटं वाक्य पुरलं असतं. "उजवा पाय दिसला साहेब," एवढंच. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझा डावा पाय, साहेब. डागासकट."

शेरा पडला : भास होतात, उत्तरं विश्वासार्ह नाहीत, अभ्यासातून वगळावे. आरसा मागितला तर म्हणे, प्रकल्पाची मालमत्ता आहे.

त्याच संध्याकाळी मी गोल बाजारातून तेवढ्याच मापाचा आरसा आणला. दादा बसला. बोटं हलवली. बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हा तर उजवा आहे वं."

संपलं. मेंदू पुन्हा फसला नाही. ज्याने स्वतःचा पाय पाहिला त्याला दुसऱ्या पायाने कसं समजवायचं? आकडा परत नऊवर गेला. आता तो ओरडतसुद्धा नाही. नुसता बघतो माझ्याकडे, आणि मी जमिनीवर बसून, जिथे काहीच नाही तिथली नाडी सोडते. रोज सोडते. सुटत नाही.

डाग कुठून आला, मला माहीत नाही. प्रकाश, कोन, माझ्या मनातला अपराध – सगळं तपासून झालं. मग साहू दीदींना का दिसला?

मला खोटी म्हणा, वेडी म्हणा, चालेल. पण दादाचं नऊचं शून्य झालं होतं, ते त्यांच्याच फॉर्मवर आहे. तुम्ही डॉक्टर असा, शिकाऊ असा, कोणाचे नातेवाईक असा, जिथे जिथे जवानांवर असा अभ्यास चालतो तिथे जा आणि टेबलामागच्या माणसाला तोंडावर विचारा : खरं बोलला म्हणून किती जणांना काढलंत? त्यांना परत कधी बोलावताय? आणि तारीख सांगेपर्यंत तिथून उठू नका.